‘नको’ म्हटलं तरी कुकीची पट्टी परत येते? किती वेळानं येते ते आधी बघा

तक्रार नेहमी एकाच चालीवर येते. ‘या साइटवर कालच सगळं नाकारलं होतं, आज पुन्हा विचारतेय. आणि वर ती एकच जाहिरात, जाईन तिथे हजर.’ सांगणाऱ्यानं तोवर दोन-तीनदा कुकीज, म्हणजे साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, पुसलेल्या असतात, कुणीतरी सांगितलेली एक्स्टेंशन्स (ब्राउझरची जोडसाधनं) टाकलेली असतात, इन्कॉग्निटोही (ब्राउझरची खाजगी खिडकी) करून झालेलं असतं. यातल्या निम्म्या उपायांनीच दुखणं वाढवलेलं असतं, पण हे त्याला सांगायला जीव होत नाही.

मुळात ही दोन वेगळी दुखणी आहेत. परवानगी मागणारी पट्टी परत येणं हे एक. जाहिरात पाठीला लागणं हे दुसरं. कुकीज पुसणं हा दुसऱ्यावरचा अर्धामुर्धा उपाय आहे आणि पहिल्याचं तर ते कारणच आहे. त्यामुळे एकेक घेऊ.

पट्टी परत का येते

तुम्ही ‘सगळं नाकारा’ दाबता तेव्हा तो नकार कुठे लिहिला जातो? तुमच्याच ब्राउझरमध्ये, बहुतेक वेळा एका कुकीत. लॉगिन न केलेला माणूस कोण आहे हे साइटला माहीत नसतं. पुढच्या खेपेला आलात की ती चिठ्ठी बघूनच तिला कळतं, यांनी नाही म्हटलं होतं. चिठ्ठी गेली की नकारही गेला. म्हणजे जो इमानेइतबारे रोज रात्री कुकीज पुसतो, त्यालाच ही पट्टी रोज सकाळी भेटते. ‘ओके’ दाबून मोकळं होणाऱ्याला ती पुन्हा सहसा दिसतही नाही. हा सगळा प्रकार उफराटा आहे खरा.

म्हणून सेटिंग्जमध्ये शिरण्याआधी एकच गोष्ट टिपून ठेवा: नकार दिल्यावर पट्टी किती वेळानं परतली. निदान बहुतेक वेळा तिथेच होतं.

पान रिफ्रेश करताच परतली, तर चिठ्ठी मुळात लिहिलीच जात नाहीये. एकतर ब्राउझरमध्ये तुम्ही सगळ्याच कुकीज बंद केल्या आहेत, नाहीतर एखादं एक्स्टेंशन पट्टी चालवणारी स्क्रिप्ट, म्हणजे पानातला छोटा प्रोग्राम, अर्धी अडवतंय: पट्टी दिसते, बटण दाबलं जातं, पण निवड साठवणारा भाग पोचलेलाच नसतो. एक्स्टेंशन्स बंद करून तीच साइट एकदा उघडा. नकार दिल्यावर पट्टी परतली नाही तर दोषी सापडला. तेवढ्या साइटपुरतं एक्स्टेंशन थांबवा, नकार द्या, मग पुन्हा चालू करा. बऱ्याचदा एवढ्यानं भागतं. आणि कुकीज सरसकट बंद असतील तर ते बदलून फक्त ‘थर्ड-पार्टी कुकीज’, म्हणजे पानावर डोकावणाऱ्या परक्या कंपन्यांच्या कुकीज, बंद ठेवा. साइटची स्वतःची कुकी राहू द्यावी. लॉगिन, भाषेची निवड आणि तुमचा नकार, तिघांचा मुक्काम तिथेच असतो.

ब्राउझर बंद करून उघडल्यावर परतली, तर कुणीतरी दार लावताना झाडून काढतंय. फायरफॉक्समध्ये ‘बंद करताना कुकीज आणि साइटचा डेटा पुसा’ अशी खूण असते, क्रोममध्येही तशी सोय आहे. कधीकाळी उत्साहात केलेली असते आणि विसरलेली असते. कॉम्प्युटरवरचं ‘सफाई’ करणारं सॉफ्टवेअर किंवा फोनमधलं ‘क्लीनर’ ॲप हा दुसरा संशयित. खाजगी खिडकीत तर हे होणारच, तिचं कामच ते. उपाय सोपा आहे: पुसणं चालू ठेवा, पण रोजच्या वाचनातल्या पाच-सहा साइट अपवादाच्या यादीत घाला. फायरफॉक्समध्ये त्या खुणेजवळच ‘मॅनेज एक्सेप्शन्स’ असतं.

आठवड्यानं परतली आणि ब्राउझर सफारी असेल, तर तुमची काहीच चूक नाही. ॲपलनं २०१९ मध्ये नियम केला की पानावरच्या जावास्क्रिप्टनं लिहिलेली कुकी सात दिवसांपेक्षा जास्त जगणार नाही. २०२० मध्ये स्क्रिप्टला लिहिता येणाऱ्या बाकीच्या साठ्यालाही तीच कात्री लागली: सफारी वापरात असताना सात दिवस त्या साइटवर फिरकला नाहीत, तर साठा साफ. नियम पाठलाग करणाऱ्यांसाठी होता, पण परवानगीच्या पट्ट्याही पुष्कळदा स्क्रिप्टनंच आपली चिठ्ठी लिहितात. सुक्याबरोबर ओलं जळतं, दुसरं काय. यासाठी सफारीतलं पाठलाग रोखणारं ‘प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग’ बंद करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आठवड्याला एक टिचकी परवडली.

काही महिन्यांनी परतली, तर ते रीतीनंच झालं. फ्रान्समधली डेटा संरक्षण संस्था सीएनआयएल दिलेली निवड साधारण सहा महिने जपावी असं सुचवते, आणि कितीतरी साइट तोच आकडा धरून चालतात. क्रोमनंही २०२२ पासून कोणत्याही कुकीला ४०० दिवसांची कमाल मुदत घातली आहे.

आणि कधी येते, कधी येत नाही, काही ताळमेळच लागत नाही, असं असेल तर तुम्ही साइट कुठून उघडता ते बघा. सोशल मीडियाची काही ॲप दुवा आपल्याच पोटात उघडतात. दिसायला ब्राउझरच, पण त्याचा कुकीचा डबा वेगळा. तिथे दिलेला नकार क्रोमला माहीत नसतो आणि क्रोममधला तिथे. अशा वेळी कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून ‘ब्राउझरमध्ये उघडा’ निवडायची सवय लावून घ्या. वाचन तिथे नीट होतं, ते वेगळंच.

पट्टीच्या पोटात

पट्टीवर ‘स्वीकारा’ ठळक आणि ‘नाकारा’ तीन पायऱ्या खाली, हा अनुभव सगळ्यांचा आहे. युरोपात यावर बरीच कोर्टबाजी झाली. आधीच टिचकी मारून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असं युरोपीय न्यायालयानं ऑक्टोबर २०१९ मध्ये सांगितलं. स्वीकारणं एका टिचकीत आणि नाकारणं मात्र अनेक टिचक्यांत ठेवलं म्हणून सीएनआयएलनं जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. आज पुष्कळ पट्ट्यांवर दोन्ही बटणं शेजारी शेजारी दिसतात, त्यात अशा दंडांचा वाटा मोठा आहे.

तरी एक खाच राहते. आतल्या पानावर ‘संमती’च्या रकान्यातली सगळी बटणं बंद असली, तरी शेजारी ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’ नावाचा दुसरा रकाना असू शकतो आणि त्यातली बटणं चालूच असतात. म्हणजे ‘तुम्हाला विचारायची आम्हाला गरज वाटत नाही’ असा तो प्रकार. तिथे ‘ऑब्जेक्ट ऑल’ (सगळ्याला हरकत) शोधा. नसेल, तर मी ती साइट बंद करतो. एवढं खोदून वाचावं असं तिथे सहसा काही नसतंच.

पट्टी लपवणाऱ्या एक्स्टेंशन्सबद्दलही विचारलं जातं. लपवणं म्हणजे नाकारणं नव्हे हे लक्षात ठेवा. जिथे कायदा आधी संमती मागायला लावतो, तिथे गप्प राहिलेला माणूस ‘नाही’ म्हणाला असंच धरायला हवं. जिथे तसा कायदा नाही, तिथे गप्प बसलेला माणूस राजी धरला जातो. शिवाय लपवताना एक नेहमीची गडबड होते: पट्टी दिसेनाशी होते, पण तिच्यामागचा करडा पडदा तसाच राहतो आणि पान वर-खाली सरकत नाही. ‘साइट अडकली’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे कारण हमखास निघतं. त्या साइटवर एक्स्टेंशन बंद करून पट्टीला एकदा उत्तर द्या, पान चालू लागेल.

एकदाच सांगून सगळीकडे लागू व्हावं अशीही सोय करून बघितली गेली. ‘डू नॉट ट्रॅक’ (माझा माग काढू नका) नावाचा इशारा २००९ पासून चर्चेत होता, ब्राउझरांत आलाही. पाळायचं बंधन कुणावरच नव्हतं, त्यामुळे तो बहुतेकांनी कानाआड केला. सफारीनं २०१९ मध्ये आणि फायरफॉक्सनं २०२५ मध्ये तो काढूनही टाकला. त्याच्या जागी आलेलं ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ थोडं दमदार आहे, कारण कॅलिफोर्नियात ते न पाळणं महागात पडतं: सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानसाखळीला २०२२ मध्ये १२ लाख डॉलर मोजावे लागले, आणि हा इशारा न मानणं हा त्यातला एक ठपका होता. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ते चालू करता येतं, ब्रेव्ह या ब्राउझरमध्ये चालूच असतं. पट्ट्या त्यानं कमी होतील असं मात्र समजू नका.

आता ती जाहिरात

बाबांना ऐकू कमी येऊ लागलं म्हणून मी कानाची यंत्रं शोधली. चार दिवस वाचलं, शेवटी दुकानात जाऊन घेतलं. त्यानंतर दोन महिने मला कानाची यंत्रं दिसत राहिली. बातम्या वाचताना, हवामान बघताना, शब्दकोडं सोडवताना. मी कुकीज पुसल्या, दोन दिवस बरे गेले. मग आईनं तिचा टॅब पुढे केला. ‘अरे, मला व्यवस्थित ऐकू येतं. हे मला का दाखवतायत?’

इथे आधी जाहिरात मागे लागते कशी ते सांगायला हवं, नाहीतर उपाय अंदाजानं करावे लागतात. वेब स्वभावतः विसराळू आहे. प्रत्येक पान मागणारा सर्व्हरला नवाच वाटतो. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू मोंटुलीनं यावर कुकी काढली, म्हणजे साइटनं दिलेला बिल्ला ब्राउझरनं सांभाळायचा आणि पुढच्या वेळी दाखवायचा. अडचण अशी की पानावरचं एखादं चित्र दुसऱ्याच सर्व्हरवरून येत असेल, तर तो सर्व्हरही आपला बिल्ला चिकटवू शकतो. हे चित्र एका ठिपक्याएवढं आणि पारदर्शक असलं तरी चालतं. तोच सर्व्हर हजार साइटवर असेल तर हजार साइटवर तो तुम्हाला ओळखतो. कुकीचा पहिला तांत्रिक मसुदा १९९७ मध्ये पक्का झाला तेव्हाच त्यात लिहिलं होतं की असले परके बिल्ले ब्राउझरनं आपणहून स्वीकारू नयेत. मोठ्या ब्राउझरांनी ते मनावर घेतलं नाही, आणि जाहिरातीचा सगळा बाजार त्या मोकळ्या दारातून आत आला.

मी यंत्राचं पान उघडलं त्या क्षणी माझा बिल्ला ‘बघून गेला, घेतलं नाही’ या यादीत पडला. पुढे कुठलंही पान उघडलं की सेकंदाच्या एखाद्या दशांशात तिथल्या मोकळ्या चौकोनाचा लिलाव होतो, आणि ज्याच्या यादीत मी आहे तो माझ्यासाठी जास्त बोली लावतो. खरेदी मी दुकानात केली, ती त्या यादीला कळायला मार्गच नव्हता. तिच्या लेखी मी अजून दारातच घुटमळतोय. म्हणून अशा वेळी जाहिरातीच्या कोपऱ्यातली फुली दाबून ‘यात रस नाही’ सांगणं, जमल्यास ‘आधीच घेतलं’ असं कारण देणं, हे चक्क चालतं. मी हा उपाय बाळबोध समजून टाळत होतो.

पण आईचा टॅब? माझा पहिला संशय घरच्या वायफायवर. एका राउटरमागची सगळी उपकरणं बाहेरून एकाच आयपी पत्त्यावर (इंटरनेटवरच्या क्रमांकावर) दिसतात, आणि तेवढ्यावरून घर ओळखून जाहिरात लावली जाते, हे खरं आहे. तपासायला टॅब फोनच्या डेटावर जोडला. जाहिरात तशीच. मग ब्राउझरचं नवं, कोरं प्रोफाइल उघडलं. जाहिरात गायब. म्हणजे पत्ता निर्दोष, दोष जुन्या प्रोफाइलमध्ये. बघतो तर दोन वर्षांपूर्वी टॅब सुरू करून देताना मीच माझ्या खात्यानं लॉगिन केलं होतं आणि बाहेर पडलोच नव्हतो.

हीच चाचणी तुम्हीही याच क्रमानं करा. नेटवर्क बदलून जाहिरात थांबली तर आयपी पत्ता; नवं प्रोफाइल उघडून थांबली तर कुकी किंवा खातं; लॉगआउट केल्यावर थांबली तर खातंच. खात्याचं प्रकरण असेल तर कितीही कुकीज पुसा, पुन्हा लॉगिन करताच सगळं जागच्या जागी येतं. तिथे त्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन व्यक्तिगत जाहिराती बंद कराव्या लागतात. गूगलमध्ये त्यासाठी ‘माय ॲड सेंटर’ आहे.

फक्त ॲपमध्येच जाहिरात दिसत असेल तर ब्राउझरला दोष देऊ नका. फोनला स्वतःचा जाहिरात-क्रमांक असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये गूगलच्या जाहिरातींच्या विभागात ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’ आहे, फोनच्या कंपनीनुसार जागा थोडी इकडेतिकडे. आयफोनवर एप्रिल २०२१ मधल्या आयओएस १४.५ पासून ॲपला आधी विचारावं लागतं. ‘ट्रॅकिंग’मध्ये जाऊन विचारण्याची परवानगीच काढून घेतली की ॲपच्या हाती सगळी शून्यं असलेला क्रमांक पडतो.

सगळ्यात चिवट प्रकार ईमेलचा. दुकानाच्या साइटवर सवलतीसाठी तुम्ही ईमेल देता. दुकान त्या पत्त्याचं सांकेतिक रूप जाहिरात कंपनीला देतं, कंपनी आपल्याकडच्या खात्यांशी ते जुळवते, आणि तुम्ही सापडता. इथे कुकीचा संबंधच नाही, म्हणून पुसण्यानं काही होत नाही. खरेदीसाठी वेगळा पत्ता किंवा दर ठिकाणी बदलता येणारा टोपणपत्ता वापरणं, हाच काय तो उपाय.

स्क्रीनच्या कोपऱ्यात, ब्राउझरमध्ये काही उघडं नसतानाही जाहिराती येत असतील तर त्या जाहिराती नव्हेतच. कुठल्यातरी साइटला तुम्ही नोटिफिकेशनची परवानगी दिली आहे. साइट सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या यादीत अनोळखी नावं काढून टाका, संपलं.

इन्कॉग्निटोचं मात्र कौतुक आवरा. त्या खिडकीत तुमच्या उपकरणावर माग राहत नाही एवढंच. समोरची साइट तुम्हाला बघतेच. गूगलवर याच गैरसमजावरून २०२० मध्ये अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ मधल्या तडजोडीत साठवलेल्या नोंदी नष्ट करायचं कंपनीनं कबूल केलं.

अति सोवळंही नको

एक्स्टेंशन्सचा ढीग घालून काही जण निश्चिंत होतात. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं २०१० मध्ये एक प्रयोग केला: कुकी न वापरता, निव्वळ ब्राउझरची आवृत्ती, फाँट, स्क्रीनचा आकार, वेळेचा पट्टा अशा खुणांवरून ब्राउझर ओळखता येतो का? त्यांच्या नमुन्यातल्या ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा एकमेवाद्वितीय निघाला. तुम्ही जितकं जगावेगळं सजवाल तितके गर्दीत उठून दिसाल. ‘कव्हर युवर ट्रॅक्स’ या नावानं ती चाचणी आजही करून बघता येते. म्हणून माझा कल एकच चांगलं एक्स्टेंशन आणि ब्राउझरची स्वतःची कुंपणं यांकडे आहे. सफारी मार्च २०२० पासून परक्या कुकीज पूर्ण अडवतं. फायरफॉक्स जून २०२२ पासून प्रत्येक साइटला कुकीचा वेगळा डबा देतं, म्हणजे एका साइटवरचा बिल्ला दुसरीकडे चालत नाही. क्रोमनं २०२० मध्ये परक्या कुकीज दोन वर्षांत काढू म्हणून सांगितलं, मुदती पुढे ढकलत नेल्या आणि २०२४ मध्ये तो बेतच सोडला. तिथे हे बटण तुम्हालाच दाबायचं आहे. दाबल्यावर एखादा जोडलेला व्हिडिओ किंवा लॉगिन रुसलं, तर पत्त्याच्या पट्टीतल्या डोळ्याच्या चिन्हातून त्या साइटपुरती सूट देता येते.

राहता राहिला ‘ॲड ब्लॉकर बंद करा’ म्हणून आडवा येणारा पडदा. इथे मी साइटच्या बाजूनं थोडा झुकतो. फुकट वाचायला मिळतं ते कुणीतरी पैसे मोजतं म्हणून, आणि १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये हॉटवायर्ड या साइटवर पहिली पट्टीची जाहिरात लागली तेव्हापासून तो ‘कुणीतरी’ बहुतांशी जाहिरातदार आहे. पण जाहिरात दाखवण्यासाठी पाळत ठेवलीच पाहिजे असं नाही. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं, एनपीओनं, २०२० च्या सुरुवातीला आपल्या साइटवरच्या कुकीवर चालणाऱ्या जाहिराती बंद करून मजकुराला धरून असलेल्या जाहिराती लावल्या, आणि पहिल्या दोन महिन्यांत जाहिरातींचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा वाढलं. म्हणून आवडत्या साइटवर मी ब्लॉकर बंद करतो, परक्या कुकीज मात्र अडवलेल्याच ठेवतो. बहुतेक पडदे तेवढ्यावर बाजूला होतात. ज्यांचे होत नाहीत त्यांना माझी जाहिरात बघणं पुरेसं नव्हतं, हे तरी कळतं.

आईच्या टॅबवरचं माझं खातं काढलं, परक्या कुकीज बंद केल्या, तिला कोपऱ्यातली फुली दाखवून ठेवली. परवा तिनं पुन्हा हाक मारली, ‘आलं बघ तुझं यंत्र!’ जाऊन पाहिलं तर ती वाचत असलेला लेखच बहिरेपणावर होता.